पोस्टरवरचं कुंकू

आमच्या घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे. घराच्या पुढच्या अंगाला बाबांची गिरणी होती. एका बाजूला दळणाची चक्की, दुसऱ्या बाजूला धान भरडायचं हालर. सकाळी पट्टा फिरायला लागला की मागच्या स्वयंपाकघरात फळीवरची भांडी बारीक थरथरायची, आणि ती थरथर थांबली की आई न विचारता ताट वाढायला घ्यायची. अंगणभर कोंड्याचा वास असायचा. आमच्या कोंबड्या त्या कोंड्यावर इतक्या माजल्या होत्या की पाहुण्यांनाही घाबरत नसत. लग्न होऊन मी चंद्रपूरला आले तेव्हा कितीतरी दिवस मला सासरचं घर बंद पडल्यासारखं वाटायचं. काहीच थरथरत नव्हतं. मी नवऱ्याला तसं सांगितलं तर तो म्हणाला, डॉक्टरला दाखवू या.

बाबा दिवसभर पिठात माखलेले असायचे. भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं. आई त्यांच्या अगदी उलट, रंगीत. हिरवं किंवा जांभळं लुगडं, हातभर बांगड्या आणि कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू. तिने आयुष्यात कधी टिकली लावली नाही. सकाळी चुलीपाशी भिंतीला टेकवलेल्या छोट्या आरशासमोर बसायचं, डबीतलं मेण बोटाने कपाळावर गोल फिरवायचं आणि त्यावर कुंकू दाबायचं. हे तिचं अगदी सावकाश चाले. बाबांना नेमका त्याच वेळी चहा हवा असायचा. ते दारात उभं राहून म्हणायचे, "वैशूची माय, आज कलतं झालं पाय." आई आरशातूनच म्हणायची, "तुमच्या डोळ्यात पीठ गेलं असंन जी. धुऊन या." वैशू म्हणजे मी. हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला की एखाद्या दिवशी तो झाला नाही तर दोघांचं भांडण झालंय असं मी धरून चालायची, आणि बहुतेक वेळा ते खरंच असायचं.

बाबांना एकच व्यसन होतं, नाटकाचं. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्रा, आणि त्या निमित्ताने नाटक होतं. पार होळीपर्यंत हे चालतं. नाटक कंपन्यांची सगळी ऑफिसं वडशाला. हंगामात वडशाच्या स्टेशनाबाहेर उतरलं की भिंत म्हणून दिसत नाही, सगळी पोस्टरं. प्रत्येक पोस्टरवर दहा-बारा चेहरे, कुणी हसतंय, कुणी सुरा घेऊन उभं, कुणी रडतंय, आणि खाली लाल-पिवळ्या अक्षरात नाटकाचं नाव. बाबा ती पोस्टरं वाण्याच्या दुकानातली बरणी पाहावी तशी पाहत. आईला नाटकात रस नव्हता. ती म्हणायची, पैसे देऊन कोण रडायले जाते?

मला कॅमेरा मिळाला तो नागपूरच्या मामाकडून. त्याने नवा घेतला आणि जुना डिजिटल मला दिला. कॉलेज नुकतंच सुटलं होतं, पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं, म्हणून मी फोटो काढत सुटले. कोंबड्या, शेजारची पोरं, हालरमधून पडणारी तांदळाची धार. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर सगळं झकास दिसायचं आणि छापून आणलं की मळकट. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्याच आळीत राहायची. तिने स्वतःचा फोटो पाहून विचारलं, "हे कोन, भूत का?" तेव्हा मला कुणीतरी सांगितलं की फोटो काढणं हे अर्धंच काम असतं, उरलेलं कॉम्प्युटरवर करायचं असतं. म्हणून मी आठवड्यातून दोनदा पॅसेंजरने वडशाला जाऊ लागले. तिथे राजूभाऊंचा स्टुडिओ होता. राजूभाऊ लग्नाचे अल्बम करायचे आणि हंगामात नाटकांची पोस्टरं. माणूस मनाने मोकळा, तोंडात कायम तंबाखूचा खर्रा, एका हाताने माउस आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाईकाला थांबायची खूण. मला त्यांनी कोपऱ्यातला कॉम्प्युटर दिला आणि शिक म्हणाले.

आता कोणत्या सॉफ्टवेअरवर शिकायचं, हा प्रश्न आला आणि त्या हिवाळ्यात आमच्या घरी दुसरा विषयच उरला नाही. राजूभाऊंचं म्हणणं, ते वापरतात ते मोठं सॉफ्टवेअरच शीक, सगळा बाजार त्याच्यावर चालतो, अडलं तर विचारायला मी आहे. ब्रह्मपुरीच्या कॉम्प्युटर क्लासचे सर म्हणाले, ते महाग आहे, सगळे चोरून वापरतात, त्यापेक्षा एक फुकटचं मिळतं ते घे. ते जरा हळू चालतं, पण मूळ फोटोला हात लावत नाही, केलेले बदल वेगळे लिहून ठेवतं. मामा फोनवर म्हणाला, कॅमेऱ्याबरोबर जी सीडी आली होती ती कुठे टाकलीस? माझ्यासाठी स्थळं पाहिली त्याहून जास्त चर्चा या तीन स्थळांची झाली. मला मोठं आवडलं होतं, कारण त्यात एका मिनिटात आत्या गोरी होत होती. बाबांना यातलं काही कळत नव्हतं, पण जेवताना त्यांनी भाताचा घास हातात धरून विचारलं, "यात बिघडलं तं पह्यलेसारखं होते का वापस? हालरमंदून निंगालेल्या तांदळाचं काई पुन्हा धान होत नाई."

मी हसले. म्हणाले, "मांगं जायचं बटन असते बाबा." आईने त्यांच्या ताटात लाखोळीच्या डाळीचा आणखी एक डाव टाकला आणि म्हणाली, तुमचं हालर इथी कशाले आणता. आज माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. नवी पोरं-पोरी येतात आणि विचारतात, मॅडम, शिकायला कोणतं घेऊ? मी त्यांना एवढंच विचारते, मूळ फोटो तसाच राहतो का ते पाहिलंस का? ते माझ्याकडे असे बघतात की बाईंना रंगांचं, वेगाचं काही विचारायचं सुचलंच नाही. मी त्यांना कारण सांगत बसत नाही. ते सांगायचं तर हे सगळं प्रकरण सांगावं लागतं.

आईचा फोटो नव्हता. म्हणजे लग्नातला होता, पण त्यात मुंडावळ्यांमागे कोण आहे ते ओळखू येत नाही. कॅमेरा दिसला की ती पदर ओढून आत जायची. पण एका सकाळी ती ओट्यावर उन्हात बसून पोपटीच्या शेंगा सोलत होती, बाबा गिरणीतून बाहेर आले आणि त्यांना अशी जोरात शिंक आली की त्यांच्या डोक्यावरचं सगळं पीठ उडून ढग झाला. आई हसत सुटली. हसताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. तोंड वर, डोळे ओले, कपाळावर कुंकू, मागे कोवळं ऊन. मी बटण दाबलं. तो माझ्या आयुष्यातला पहिला खरा फोटो. मी तो वडशाला नेला आणि राजूभाऊंच्या कॉम्प्युटरवर टाकला. त्याच एका फोटोवर तिन्ही सॉफ्टवेअर करून पाहायची आणि ज्यात आई आईसारखी दिसेल ते घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. दोन दिवसांनी चुलत बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, कॅमेऱ्याच्या कार्डात जागा नव्हती, म्हणून मी कार्ड पुसून मोकळं केलं. फोटो वडशाला आहेच, मग काय काळजी. साक्षगंध, मग पाहुणे, मग आत्याचा ताप, अशी मी बरेच दिवस वडशाला गेलेच नाही.

आमच्या गावचा आठवडी बाजार शाळेच्या भिंतीला लागून भरतो. त्या दिवशी आई आणि मी वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि बाबांचा तंबाखू घ्यायला गेलो होतो. मंडई जवळ आली होती, त्यामुळे भिंतीवर नवी पोस्टरं लागलेली. खळ अजून ओली होती, कागदाला सुरकुत्या होत्या. मी वांगी निवडत होते. भाजीवाली माझ्याशी बोलता बोलता थांबली आणि माझ्या डोक्यावरून मागे बघायला लागली. मग ती आईला म्हणाली, "बाई, हे तुमीच नं?"

मी मागे वळले. पोस्टरच्या बरोबर मधोमध, बाकीच्या सगळ्या चेहऱ्यांहून मोठा, माझ्या आईचा चेहरा होता. तोंड वर, डोळे ओले. अंगावरचं हिरवं लुगडं पांढरं झालं होतं आणि पदर डोक्यावर आला होता. गालावर एक अश्रू होता, जो मी काढलेल्या फोटोत नव्हता. आणि कपाळ साफ. कुंकवाच्या जागी नुसती कातडी, गुळगुळीत, तिथे कधी काही नव्हतंच अशी. खाली लिहिलं होतं, 'कोरं कपाळ, भरली ओटी'. मला पहिल्यांदा जे वाटलं ते लिहिते, कारण ते अजूनही मला कळलेलं नाही. मला वाटलं, हा फोटो खरा आहे आणि काहीतरी झालंय ते आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

आईचा हात आपोआप कपाळाकडे गेला, बोटाला कुंकू लागलं का ते तिने पाहिलं. लागलं होतं. तरी तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो उतरलाच. पिशवी तिथेच वांग्यांवर टाकून ती घराकडे निघाली. चालत नव्हती, धावत होती. माझ्या आईला मी त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं. मी मागे. लोक बाजूला होत होते, कुणी विचारत होतं काय झालं. मारुतीच्या देवळापाशी आलं की आमच्या गिरणीचा आवाज यायला लागतो. आम्ही देवळापाशी आलो आणि आवाज नव्हता.

आई थबकली. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, जेव्हा दळणं दारापर्यंत लागलेली असतात तेव्हा गिरणी बंद. तिने माझा हात धरला. तिथून घरापर्यंतचा रस्ता आम्ही कसा कापला ते मला सांगता येणार नाही. गिरणीत अंधार होता. आत कोंड्याच्या पोत्यांवर बाबा उताणे पडले होते, पांढरेफटक, तोंड उघडं, एक हात खाली लोंबणारा. आई उंबऱ्यातच खाली बसली.

"काऊन वं?" बाबा एक डोळा उघडून म्हणाले. "लाईन गेली ना. जरा पडलो तं काय झालं?"

आई उठली, त्यांच्याजवळ गेली आणि दोन्ही हातांनी त्यांचं तोंड चाचपू लागली. कान, मिशा, गळा. तिचे हात पिठाने पांढरे झाले. मग तिने त्यांच्या दंडावर जोरात एक चापट मारली आणि हंबरडा फोडला. बाबांना काहीच कळेना. ते माझ्याकडे पाहायला लागले. मी त्यांना बाजारातल्या पोस्टरचं सांगितलं.

त्यानंतर घर भरलं. आळीतल्या बायका, चुलत्या, बाजारातून परतणारे ओळखीचे. ज्यांनी पोस्टर पाहिलं होतं ते ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांना सांगत होते. आत्या म्हणाली, जित्या नवऱ्याच्या बाईचं कुंकू पुसलं, हे चांगलं नाई, काईतरी करा लागते. आई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती आणि तिचं लक्ष सारखं गिरणीच्या दाराकडे. लाईन आली, पट्टा फिरायला लागला, भांडी थरथरली, तरी ती दर थोड्या वेळाने उठून बाबांना बघून यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आरशासमोर बसलीच नाही. आरसा तिने पालथा करून ठेवला होता. मेण आणि कुंकू तिने अंदाजाने लावलं. ते खरंच कलतं झालं होतं. बाबा दारात चहाचा कप घेऊन उभे होते, पण काही म्हणाले नाहीत. ते पाहून मला पोस्टरहून जास्त भीती वाटली.

बाबा आणि मी पॅसेंजरने वडशाला गेलो. रस्त्यात प्रत्येक स्टेशनात आई होती. फाटकाजवळच्या भिंतीवर, पानठेल्याच्या पाठीवर, पाण्याच्या टाकीवर. बाबा खिडकीतून बघत होते. राजूभाऊंनी आम्हाला पाहिलं, मी "ती माझी आई आहे" म्हणाले आणि त्यांच्या तोंडातला खर्रा गिळला गेला. ते खोटं बोलत नव्हते, हे मला तेव्हाही दिसत होतं. कंपनीचा माणूस बोकांडी बसला होता, नाटकातल्या विधवेचं काम करणारीचा फोटो नागपूरहून आला नव्हता. कॉम्प्युटरवर एका बाईचा चेहरा सापडला, ओले डोळे, तोंड वर. त्यांना वाटलं, मी शिकायला कुठून तरी नमुना उतरवून घेतला असेन. ते हात जोडून बाबांना म्हणाले, "भाऊ, मले खरंच ठाऊक नोतं जी. गाडी कालच गेली, सगळ्या गावाले पोस्टरं चिपकून झाले. आता मी काय करू, सांगा."

"पह्यलेचा फोटो दे," बाबा म्हणाले. "इचा. कुंकवाचा."

राजूभाऊंनी शोधायला सुरुवात केली. मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. माझ्या फोटोचं नाव मी 'नमुना' ठेवलं होतं. त्यांनी ते उघडलं. पांढरा पदर, कोरं कपाळ. त्यांनी फोटो त्याच नावाने जतन केला होता, जुन्याच्या वर. मी मागे जायचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. फाइल एकदा बंद करून उघडली की ते बटण मागचं काही जाणत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. माझे इतर प्रयोग? कॉम्प्युटर अडकत होता म्हणून त्यांनी मोकळा केला होता. कार्ड मी पुसलेलं. म्हणजे शेंगा सोलताना हसणारी माझी आई आता जगात कुठेही नव्हती. होती ती एवढीच, विधवा. मी मागचं स्टूल धरून बसले. त्या खोलीत भिंतभर रडणारे, हसणारे, सुरे उगारणारे चेहरे होते आणि मला प्रत्येकाच्या खाली कुणाचा तरी दुसरा चेहरा असेल असं वाटायला लागलं.

राजूभाऊंना माझी दया आली असावी. ते म्हणाले, "थांब, थांब. आता लावून देतो." त्यांनी लाल रंग घेतला, गोल काढला, आईच्या कपाळावर नेमका मधोमध ठेवला, कडा मऊ केल्या. खरोखर सफाईचं काम होतं. "हे पाहा भाऊ. झालं का नाई पह्यलेसारखं?"

बाबा पडद्याकडे वाकून बघत होते. पडद्याच्या उजेडात त्यांच्या भुवयांत अडकलेलं पीठ दिसत होतं. ते सरळ झाले आणि अगदी हळू म्हणाले, "राजूभाऊ, माह्या बायकोले कुंकू तू लावशीन का?"

राजूभाऊंनी माउसवरचा हात काढून घेतला. मी बाबांना एवढं एकच वाक्य तसं बोलताना ऐकलं आहे, त्याआधी नाही आणि नंतरही नाही.

घरी आल्यावर बाबांनी चक्कीच्या तोंडाशी सांडलेलं पीठ गोळा केलं, चुलीवर त्याची खळ शिजवली आणि तिच्यात कुंकवाची अख्खी पुडी रिकामी केली. आईला वाटलं, मंडईसाठी काही तोरण-बिरण लावायचं असेल. तिने विचारलं नाही. सकाळी बाबांनी गिरणीला कुलूप घातलं. आजारपणात नाही, सणाला नाही, पण त्या दिवशी घातलं. सायकलच्या हँडलला खळीची डोलची, मागे कॅरियरवर मी. पहिलं पोस्टर शाळेच्या भिंतीवरचं. बाबांनी सायकल भिंतीला टेकवली, अनामिका डोलचीत बुडवली आणि पोस्टरवरच्या आईच्या कपाळावर कुंकू लावलं. घाईने ठिपका दिला नाही. आई आरशासमोर बसून करायची तसं, सावकाश, गोल फिरवून. मग दोन पावलं मागे येऊन पाहिलं. "कलतं झालं का?" त्यांनी मला विचारलं. मला रडू फुटलं, म्हणून मी नुसती मान हलवून नाही म्हटलं.

आम्ही गावोगाव फिरलो. काही ठिकाणी पोस्टर उंच होतं, तिथे बाबा विटांच्या ढिगावर किंवा सायकलच्या कॅरियरवर चढायचे आणि मी सायकल धरून उभी राहायची. लोक जमायचे. पोरं हसायची. एका गावात पाणी भरणाऱ्या बायकांनी विचारलं, भाऊ, हा काय नवस आहे का? बाबा म्हणाले, "नाई बाई. हे माही घरवाली होय." त्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या आणि त्यांतल्या एकीने भिंतीशी ठेवलेल्या घागरी बाजूला करून बाबांना चढायला जागा करून दिली. ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर नाटक कंपनीचा मॅनेजर गाडी थांबवून उतरला. पोस्टर खराब करून राह्यले का, नाटकात ती विधवा आहे, कुंकू लावून कसं चालंन, असं तो तावातावाने बोलत होता. बाबांचं बोट लालभडक झालेलं. ते म्हणाले, "तुमच्या नाटकात नवरा मेला असंन. माह्या घरी नाई मेला. थो इथी उभा आहे." मॅनेजरने बाबांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग पोस्टरकडे पाहिलं आणि गाडीत जाऊन बसला. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. त्या दिवसात मी एकच फोटो काढला. बाबा पाठमोरे, विटांच्या ढिगावर टाचा उंच करून उभे, हात वर, आणि बोट आईच्या कपाळावर. त्या फोटोला मी आजवर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडलेलं नाही. उजेड कमी आहे, भिंत वाकडी आली आहे, असू दे.

संध्याकाळी परतलो तेव्हा आई पुढच्या दारात उभी होती. दिवसभर गिरणीचा आवाज नाही, म्हणून ती कितीदा आत-बाहेर झाली असेल कोण जाणे. बाबांनी हात धुवायला पाणी मागितलं. ती तांब्या घेऊन आली, त्यांच्या हातावर पाणी ओतायला लागली आणि थांबली. अनामिका नखापासून मधल्या पेरापर्यंत लाल. पाणी पडलं तरी रंग जात नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, सगळं, भिंत न् भिंत. ऐकताना ती त्यांचं बोट धरून होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "येडे आहेत जी तुमी," आणि आत जाऊन तिने भाताला आधण ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आरसा भिंतीला टेकवलेला होता. बाबा दारात चहाचा कप घेऊन आले आणि म्हणाले, आज कलतं झालं पाय. त्या वर्षी आमच्या मंडईत ते नाटक झालं, गाव लोटलं होतं, पण बाबा गेले नाहीत. मीही मोठं सॉफ्टवेअर सोडलं आणि ते हळू चालणारं, मूळ फोटोला हात न लावणारं घेतलं. त्यात आत्याला गोरी करायला अर्धा तास लागायचा.

बाबा काही हिवाळ्यांपूर्वी गेले. या वेळी लाईन होती. चक्की सुरू होती, पट्टा फिरत होता आणि ते पोत्यांना टेकून बसले ते उठले नाहीत. मी चंद्रपूरहून पोचले तेव्हा अंगणात माणसं होती आणि गिरणी कुणीतरी बंद केली होती. पुढचं सगळं झाल्यावर बायका आईला घेऊन मागच्या अंगाला बसल्या. आत्या तोवर पार वाकली होती. ती हातात ओला फडका घेऊन आईसमोर बसली, कारण असं करायचं असतं आणि तेव्हा आळीतली तीच सगळ्यांत वडील. मी दारात उभी होते. आईने तोंड वर केलं. डोक्यावर पदर, डोळे ओले, गालावर पाणी. तो चेहरा मी शाळेच्या भिंतीवर पाहिलेला होता. तोच कोन, तेच डोळे. राजूभाऊंनी काही चुकवलं नव्हतं, फक्त लवकर केलं होतं. आता तेवढं कुंकू पुसायचं राहिलं होतं, आणि फडका कपाळाजवळ आला होता. मी उंबरा ओलांडून पुढे झाले.

आईने आत्याचं मनगट धरलं.

"एकडाव पुसून झालं बाई माहं," ती म्हणाली. "सगळ्या गावाइनं पाह्यलं. मंग त्याइनं सोता लावून देल्लं, भिंती-भिंतीवर जाऊन. आता थे मी कोनाले पुसू देऊ?"

आत्याने फडका बाजूला ठेवला, डोळे पुसले आणि आईकडे नीट पाहिलं. रडून रडून आईचं कुंकू एका बाजूला ओघळलं होतं.

"कलतं झालं वं," आत्या म्हणाली, आणि फळीवरची मेणाची डबी काढून तिने आईपुढे ठेवली.